जुन्या रिव्हॉल्व्हर-पिस्तुलातला बिघाड

वापरलेल्या रिव्हॉल्व्हरमधला किंवा पिस्तुलातला बिघाड आधी काडतुसात शोधायचा, मग साचलेल्या मळात आणि गंजात, आणि सगळ्यात शेवटी यंत्रणेच्या झिजलेल्या भागांत. हा क्रम अनुभवी कारागिरांनी सोयीसाठी लावलेला नाही. हत्यार अडण्याची बहुतेक कारणे पहिल्या दोन ठिकाणीच सापडतात आणि ती कानस न लावता दूर होतात. जुन्या हत्यारांचे खरे नुकसान हा क्रम उलटा लावल्याने होते. गोळी सुटत नाही म्हणून कोणीतरी स्प्रिंग ताणतो, चाप हलका व्हावा म्हणून खाच घासतो, आणि साफसफाईने सुटणारा प्रश्न कायमचा होऊन बसतो. कानशीने घासलेले पोलाद परत येत नाही.

भारतात परवानाधारकाच्या हातातले हत्यार बहुधा जुने असते, याला कायद्याचे कारण आहे. 9 मिलिमीटर, .38, .45 ही लष्कर-पोलिसांची कॅलिबर सामान्य नागरिकाला निषिद्ध आहेत. त्यामुळे खासगी परवान्यावर मुख्यतः .32 बोअरचे, म्हणजे बोलीभाषेत 'पॉइंट बत्तीस'चे, रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल दिसते. 1980च्या दशकात खासगी आयात जवळजवळ थांबली. तेव्हापासून इंग्लंड, अमेरिका, बेल्जियमची जी हत्यारे देशात आधीच होती, तीच हातोहात फिरत राहिली. नवे घ्यायचे तर कानपूरच्या सरकारी कारखान्यातले सहा गोळ्यांचे .32 रिव्हॉल्व्हर मिळते, पण त्याचा आराखडाही बर्मिंगहॅमच्या जुन्या वेब्ली रिव्हॉल्व्हरचाच. नळी खाली मोडून उघडायची आणि उघडताच काडतुसांच्या सहाही पुंगळ्या एकदम वर उचलल्या जायच्या, ही वेब्लीची पद्धत त्यात जशीच्या तशी आहे. 2014 साली आलेले टायटॅनियम मिश्रधातूचे, अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचे 'निर्भीक' हेही त्याच घराण्यातले. या हत्यारांना लागणाऱ्या दारूगोळ्याचा मोठा आधार महाराष्ट्रातच आहे: पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासूनचा. काडतुसाच्या बुडावर कोरलेल्या 'केएफ' या अक्षरांवरून खडकीचा माल ओळखता येतो.

दक्षिण आणि मध्य मुंबईत अशी हत्यारे बहुधा वारशाने आलेली असतात. गिरगाव-काळबादेवीतल्या एखाद्या पेढीच्या मालकाने किंवा दादरच्या एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याने कधीकाळी पोलीस आयुक्तालयातून परवाना काढलेला असतो. त्यांच्यानंतर हत्यार मुलाच्या नावावर होते. नूतनीकरण वेळेवर होते, निवडणुकीची आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश आल्यास तेही होते. होत नाही ते एवढेच, की त्यातून वर्षानुवर्षे एकही गोळी झाडली जात नाही आणि ते कोणी उघडूनही पाहत नाही. झिजून बिघडलेल्या हत्यारांपेक्षा पडून राहून बिघडलेली हत्यारे मुंबईत अधिक असणार, असे मानायला जागा आहे.

कारण इथली हवा. सापेक्ष आर्द्रता 60 टक्क्यांच्या पुढे गेली की लोखंडाच्या गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये ती 80 टक्क्यांच्या वर असते आणि समुद्राकडून येणाऱ्या हवेत मीठही असते. मीठ स्वतःच ओल धरून ठेवते, म्हणून गिरगाव चौपाटीच्या किंवा वरळीच्या बाजूला पोलादावर उठलेले बोटाचे ठसे पुसले नाहीत तर थोड्याच दिवसांत तिथे तपकिरी खुणा दिसू लागतात. यावर लोक करतात तो उपाय बहुतेकदा मुळातच चुकीचा असतो. हत्यार चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवले जाते. चामडे ओल शोषते आणि कमावताना वापरलेली आम्ले व क्षार त्यात उरलेले असतात. म्यानातून वर्षभराने काढलेल्या रिव्हॉल्व्हरवर गंज उमटतो तो नेमका म्यानाच्या शिवणीच्या रेषेत. म्यान हे अंगावर बाळगण्यासाठी असते, साठवणीसाठी नसते. साठवताना हत्यार तेलाचा पातळ हात फिरवून, सुती कापडावर आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवावे लागते.

तेलाचा अतिरेकही तितकाच बाधतो. शिलाई मशीनचे पातळ तेल थोडे वापरले तर वाईट नाही, पण भरपूर ओतलेले तेल खाली झिरपते, धूळ आणि जळक्या दारूची काजळी पकडते आणि वर्षांनुवर्षे हवा लागून घट्ट, चिकट, मधाच्या रंगाचा थर होऊन बसते. असे हत्यार बाहेरून लखलखीत दिसते. आत घोडा मात्र त्या चिकट थरातून वाट काढत पडतो, त्याचा वेग कमी होतो आणि काडतुसावर बसणारा ठोका कमजोर पडतो. मालकाला वाटते स्प्रिंग मेली. प्रत्यक्षात कारागीर ते खोलून केरोसीनसारख्या द्रावकात धुतो, कोरडे करून थेंबभर तेल देतो आणि तेच रिव्हॉल्व्हर पहिल्यासारखे चालू लागते.

तपासणीची पहिली पायरी हत्यार रिकामे करणे ही आहे आणि इथे क्रम चुकला तर जीव जातो. पिस्तुलात आधी मॅगझिन काढायचे, मग स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढायची. उलट केले, म्हणजे आधी स्लाइड ओढून एक गोळी बाहेर पाडली आणि नंतर मॅगझिन काढले, तर स्लाइड पुढे येताना मॅगझिनमधली पुढची गोळी नळीच्या घरात जाऊन बसलेली असते. हातात मॅगझिन आहे, जमिनीवर एक काडतूस पडले आहे, म्हणजे पिस्तूल रिकामे, असा माणसाचा समज होतो आणि पिस्तूल भरलेले असते. 'चुकून गोळी सुटली' अशा अपघातांमागे हाच समज वारंवार आढळतो. म्हणून स्लाइड मागे अडकवून नळीचे घर डोळ्यांनी पाहायचे आणि करंगळी घालून चाचपायचे. रिव्हॉल्व्हर उघडून सहाही घरे मोजायची. तपासणीच्या टेबलावर जिवंत काडतूस एकही ठेवायचे नाही. यंत्रणेची हालचाल पाहण्यासाठी प्लास्टिकची किंवा धातूची खोटी काडतुसे मिळतात, ती वापरायची.

आता प्रत्यक्ष बिघाड. सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे चाप ओढला, 'खट्' आवाज झाला आणि पुढे काहीच झाले नाही. अशा वेळी हत्यार ताबडतोब उघडायचे नाही. प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या बुडातली ठिणगी पाडणारी टोपी, कधीकधी उशिरा पेटते. ओल लागलेल्या काडतुसात ठोका आणि स्फोट यांच्यात क्षणाचे, क्वचित त्याहून जास्त अंतर पडू शकते. म्हणून नळी निशाणाच्या दिशेला तशीच रोखून किमान 30 सेकंद थांबायचे. रिव्हॉल्व्हरमध्ये हे विशेष महत्त्वाचे आहे. चाप पुन्हा ओढला तर सिलिंडर फिरतो, पेटू पाहणारे काडतूस नळीसमोरून बाजूला सरकते आणि तिथे फुटले तर गोळीला बाहेर पडायला वाटच नसते.

स्पर्धात्मक नेमबाजीत ही शिस्त नियमातच आहे. 25 मीटर पिस्तुलाच्या प्रकारात हत्यार अडले तर खेळाडूने नळी निशाणाकडे ठेवून दुसरा हात वर करायचा आणि पंच येईपर्यंत हत्यार उघडायचे नाही. पंच तपासून बिघाड हत्याराचा वा काडतुसाचा आहे की खेळाडूच्या चुकीचा, हे ठरवतो. हत्याराचा असेल तर त्या फैरी पुन्हा झाडायची संधी मिळते. खेळाडूने आधीच हत्यार उघडले असेल तर ती संधी जाते. हा नियम कठोर वाटतो, पण तपासणीच्या दृष्टीने अगदी योग्य आहे. बिघाड झाला त्या क्षणी हत्यारात जे जसे होते, तोच पुरावा असतो. घोडा कुठे थांबला होता, स्लाइड किती उघडी राहिली होती, पुंगळी कुठे अडकली होती, हे एकदा हलवले की परत पाहता येत नाही.

थांबून झाल्यावर ते न फुटलेले काडतूस काढायचे आणि त्याचे बूड भिंगाखाली पाहायचे. बिघाडाची निम्मी हकिकत त्या मिलिमीटरभर खड्ड्यात सापडते. नव्या प्रायमरचा पृष्ठभाग सपाट, तकतकीत असतो. मधोमध खोल, गोल, स्वच्छ कडांचा खड्डा पडला असेल तर पिनेने, म्हणजे प्रायमरवर आपटणाऱ्या टोकाने, आपले काम केले आहे. दोष काडतुसाचा. खड्डा मधोमध पण उथळ असेल तर ठोक्यात जोर नव्हता: घोड्याला जोर देणारी मेनस्प्रिंग थकली, आत तेल चिकटले, घोडा कुठेतरी घासतो किंवा पिनेचे टोक झिजून आखूड झाले. खड्डा एका बाजूला सरकलेला असेल तर काडतूस पिनेच्या नेमके समोर आलेच नव्हते. रिव्हॉल्व्हरमध्ये याचा अर्थ सिलिंडर पुरता फिरून जागेवर बसला नाही. खड्डाच नसेल तर पिन मोडली आहे किंवा आपल्या भोकात अडकून बसली आहे. अनेक जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये पिन घोड्याच्याच टोकावर बसवलेली असते, त्यामुळे ती मोडलेली नुसत्या डोळ्यांना दिसते. पिस्तुलात ती स्लाइडच्या आत लपलेली असते. एकाच हत्यारातली पाच-सहा काडतुसे अशी ओळीने मांडून पाहिली तर चित्र आणखी स्पष्ट होते. सहापैकी एकाच घरातल्या काडतुसावर खूण बाजूला पडत असेल तर दोष त्या एका घरापुरता, सगळ्यांवर पडत असेल तर सगळ्या यंत्रणेचा.

एक फसवा प्रकारही आहे. पहिल्या ठोक्याला काडतूस फुटत नाही, त्याच काडतुसावर दुसरा ठोका पडला की फुटते. माणूस स्प्रिंगला दोष देतो. पण बऱ्याचदा प्रायमर आपल्या खोबणीत पूर्ण खाली बसवलेला नसतो. पहिल्या ठोक्याची शक्ती त्याला खाली ढकलण्यात खर्च होते, दुसरा ठोका त्याला पेटवतो. असे वर आलेले प्रायमर रिव्हॉल्व्हरचा सिलिंडरही अडवतात, कारण फिरताना ते मागच्या पोलादी भिंतीला घासतात. सपाट पट्टी बुडावर आडवी धरली तर हा उंचवटा दिसतो.

काडतुसांच्या बाबतीत मुंबईत वय आणि ओल या दोनच गोष्टी पुरेशा आहेत. चामड्याच्या पट्ट्यात खोचून ठेवलेल्या पितळी पुंगळ्यांवर हिरवट कळंक चढतो. असे काडतूस घरात नीट बसत नाही, बसले तर निघत नाही. हत्याराला दिलेले पातळ तेल प्रायमरच्या कडेने आत शिरते आणि दारू निकामी करते. म्हणून काडतुसांना तेल लावणे हे त्यांचे रक्षण नव्हे. काही जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर नळीत पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचाच एक भाऊबंद, उरतो. तो ओल ओढतो आणि रात्रीतून नळीला खड्डे पाडू लागतो. तेलाने तो निघत नाही, पाण्यात विरघळतो. जुन्या शिपायांची उकळत्या पाण्याने नळी धुण्याची पद्धत म्हणूनच शास्त्रशुद्ध होती.

'पॉइंट बत्तीस' या एकाच नावाखाली दोन वेगळी काडतुसे येतात, आणि इथला घोळ धोकादायक आहे. रिव्हॉल्व्हरचे .32 एस अँड डब्ल्यू लाँग हे स्मिथ अँड वेसनने 1896 मध्ये आणलेले काडतूस. त्याची पुंगळी 23 मिलिमीटरच्या आसपास लांब आणि बुडाला ठळक कंगोरा असतो. पिस्तुलाचे .32 एसीपी म्हणजेच 7.65 मिलिमीटर ब्राउनिंग. अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांचे 1899च्या सुमाराचे हे काडतूस, त्याची पुंगळी सुमारे 17 मिलिमीटर लांब, जवळजवळ सरळ, नावापुरता कंगोरा असलेली. ब्राउनिंग हे नाव मराठी वाचकाला अनोळखी नाही. 1909 साली सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पाठवलेली वीस पिस्तुले ब्राउनिंगचीच होती. तर हे पिस्तुलाचे छोटे काडतूस .32 रिव्हॉल्व्हरच्या घरात अनेकदा शिरते. शिरले म्हणजे चालते असे नाही. त्याचा दाब रिव्हॉल्व्हरच्या काडतुसापेक्षा बराच जास्त असतो, आणि जुन्या, नळी मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरची कडी तो सोसण्यासाठी घडवलेली नसते. अधूनमधून न फुटणारी, पुंगळ्या फुगवणारी, कडी ढिली झालेली जुनी रिव्हॉल्व्हरे तपासताना मालक कोणती काडतुसे वापरतो, हे आधी विचारावे लागते. नळीवर कोरलेले नाव आणि डब्यावरचे नाव शब्दशः जुळले पाहिजे.

आवाज नेहमीपेक्षा दबका आला, 'फुस्स' झाले, झटका जाणवला नाही, तर तिथल्या तिथे थांबायचे. सगळ्या बिघाडांत हा सर्वांत भयंकर, कारण तो किरकोळ वाटतो. दारू कमी होती किंवा पेटलीच नाही, नुसत्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत शिरली आणि मध्येच अडकली. पुढची गोळी झाडली की तिला वाट मिळत नाही, नळी फुगते किंवा फाटते. रिव्हॉल्व्हरमध्ये अर्धी गोळी सिलिंडरमध्ये आणि अर्धी नळीत अशी अडकली तर सिलिंडर जाम होतो, आणि ते एका अर्थी नशीबच असते, कारण पुढची फैर आपोआप टळते. अशी गोळी पितळी दांड्याने ठोकून काढण्याचे काम परवानाधारक कारागिराचेच. घरातल्या पडदे लावायच्या लोखंडी गजाने नळीच्या आतल्या पेचांवर कायमचे ओरखडे पडतात.

काडतूस आणि मळ दोन्ही निर्दोष ठरले की मगच यंत्रणेकडे वळायचे. रिव्हॉल्व्हरची यंत्रणा दिसायला सोपी, प्रत्यक्षात नाजूक. सहा घरांचा सिलिंडर प्रत्येक वेळी बरोबर 60 अंश फिरला पाहिजे. तो फिरवतो एक छोटा पोलादी पंजा, आणि थांबवतो खालून वर येणारा खिट्टा. घोडा पडण्याआधी खिट्टा आपल्या खाचेत बसलेला असला पाहिजे. पंजाचे टोक झिजले की सिलिंडर किंचित कमी फिरतो, खिट्ट्याची खाच रुंदावली की जागेवर बसूनही डुलतो. दोन्हीचा परिणाम एकच: घर आणि नळी एका रेषेत येत नाहीत, गोळी नळीच्या कडेला खरवडून आत शिरते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या गालाला बारीक टोचल्यासारखे होते, तेव्हा अनेकदा हा दोष पहिल्यांदा लक्षात येतो. रिकाम्या हत्यारात घोडा सावकाश मागे ओढत प्रत्येक घराला खिट्टा बसल्याचा आवाज येतो की नाही, हे ऐकून कारागीर पंजाची अवस्था सांगतो. वेगाने चाप ओढून ही परीक्षा होत नाही, कारण वेगात सिलिंडर स्वतःच्या गतीनेच पुढे जाऊन जागेवर बसतो आणि दोष झाकतो.

सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट पातळ पट्ट्यांच्या फीलर गेजने मोजतात. चांगल्या रिव्हॉल्व्हरमध्ये ती साधारण 0.10 ते 0.20 मिलिमीटर असते. त्याहून कमी असेल तर काजळीचा थर चढताच सिलिंडर घासू लागतो, फार जास्त असेल तर दारूचा वायू बाजूने निसटतो. सिलिंडर पुढे-मागे हलतो का, हेही याच वेळी पाहतात. वेब्ली घराण्यात आणखी एक जागा कायम संशयाची: नळी आणि मूठ जोडणारी बिजागरी आणि वरची कडी. हत्यार बंद करून नळी आणि मूठ दोन हातांत धरून हलक्याने हलवली आणि खटखट जाणवली, तर हत्यार कितीही देखणे असो, त्यातून गोळी झाडू नये. चाप ओढायला जड, अडखळता लागत असेल तर बऱ्याचदा कारण खूप साधे निघते: पुंगळ्या बाहेर काढणाऱ्या चांदणीच्या आकाराच्या तबकडीखाली जळक्या दारूचे दाणे बसलेले असतात आणि त्यामुळे ती तबकडी किंचित मागे उचललेली राहते. दात घासायच्या जुन्या ब्रशने ते निघतात.

पिस्तुलातला बिघाड शोधण्याची रीत वेगळी, कारण इथे प्रत्येक फैरीत हत्यार स्वतःच पाच-सहा कामे करते: पुंगळी ओढणे, बाहेर फेकणे, घोडा चढवणे, नवे काडतूस उचलणे, घरात ढकलणे, बंद होणे. यातले नेमके कोणते काम झाले नाही, एवढे सांगता आले की निम्मे निदान झाले. नवे काडतूस तिरपे होऊन अडकले तर संशय पहिल्यांदा मॅगझिनवर घ्यायचा. त्याचे वरचे दोन ओठ पडल्या-आपटल्याने फाकतात, स्प्रिंग थकते, आत गंज धरतो. दोन मॅगझिनवर खडूने खुणा करून कोणत्या मॅगझिनला त्रास होतो ते पाहायचे. त्रास मॅगझिनबरोबर फिरत असेल तर पिस्तुलाला हातही लावायचा नाही.

.32 पिस्तुलात मॅगझिन भरण्यातच एक खोच आहे. काडतुसाच्या बुडाचा तो नावापुरता कंगोराही नडतो. वरच्या काडतुसाचा कंगोरा खालच्याच्या मागे गेला तर दोघे एकमेकांत अडकतात आणि स्लाइड कितीही जोरात आली तरी वरचे काडतूस सुटत नाही. भरताना प्रत्येक काडतूस खालच्याच्या किंचित पुढे राहील असे बसवले की हा प्रकार बहुतांशी टळतो. हत्याराला दोष लावून दुकानात आलेली कित्येक पिस्तुले अशी भरण्याच्या सवयीमुळे अडत असतात.

पुंगळी घरातून निघालीच नाही तर ओढणाऱ्या आकड्याचे टोक तुटले आहे, त्याखाली मळ आहे किंवा घर गंजाने खडबडीत झाले आहे. पुंगळी निघाली पण बंद होणाऱ्या स्लाइडमध्ये उभी अडकली तर फेकणाऱ्या भागात जोर नाही, किंवा स्लाइड पुरेशी मागे जात नाही. .32 ब्राउनिंगच्या साध्या पिस्तुलात स्लाइडला बंद ठेवणारे कुलूप नसते. तिचे वजन आणि स्प्रिंगचा जोर यांवरच सगळे चालते. पन्नास-साठ वर्षांची स्प्रिंग बसली की स्लाइड दर फैरीला मागच्या पोलादावर आपटते आणि कधीतरी चौकटीला केसासारखी चीर जाते. म्हणून जुन्या पिस्तुलाची स्प्रिंग हत्यार व्यवस्थित चालत असतानाच बदलणे शहाणपणाचे. एका चापात दोन गोळ्या सुटणे, किंवा स्लाइड बंद होताच आपोआप गोळी सुटणे, याचा अर्थ घोडा किंवा पिन अडवून धरणारी खाच झिजली आहे. हा दोष घरी तपासण्याचा नाहीच. असे पिस्तूल रिकामे करून, सोबत काडतुसे न ठेवता, थेट कारागिराकडे न्यायचे.

स्पर्धेच्या हत्यारातही असे भाग अवचित दगा देतात. 25 जुलै 2021 रोजी टोकियो ऑलिंपिकच्या 10 मीटर एअर पिस्तूल पात्रता फेरीत भारतीय नेमबाज मनू भाकरच्या पिस्तुलाचा कॉकिंग लिव्हर ऐन स्पर्धेत तुटला. दुरुस्तीत सुमारे सतरा मिनिटे गेली. तिला 575 गुण मिळाले आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. सोबत पर्यायी पिस्तूल असूनही तेच दुरुस्त करण्याचा निर्णय झाला, आणि तो समजण्यासारखा आहे: दुसऱ्या पिस्तुलाची साइट आणि चापाचे वजन हाताला नव्याने बसवावे लागते. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर सराव करणाऱ्या नेमबाजांनी म्हणूनच हत्याराच्या सुट्या भागांची आणि स्प्रिंगा बदलल्याच्या तारखांची वही ठेवण्याचा आग्रह धरायला हवा.

मालकाने किती करायचे आणि कारागिराने किती, याची रेषा कायद्यानेही आखली आहे. शस्त्र अधिनियम 1959च्या कलम 5 नुसार शस्त्रांची विक्री, दुरुस्ती आणि चाचणी परवान्याशिवाय करता येत नाही. साफसफाई, तेलपाणी, मॅगझिन बदलणे हे मालकाचे काम. पंजा, खिट्टा, खाच, नळी हे परवानाधारक दुकानाचे. पोलिसांच्या हत्यारांची अशीच देखभाल नायगावच्या सशस्त्र पोलीस मुख्यालयासारख्या ठिकाणी आर्मरर करतात. गुन्ह्यातले हत्यार असेल तर ते चालू स्थितीत आहे की नाही, याचा अहवाल कलिना इथली न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा देते. अशा हत्याराला मधल्या काळात कोणीही साफसुद्धा करायचे नसते. गावठी कट्ट्याचा विषय इथे येतच नाही, त्याची दुरुस्ती नसते, तो बाळगणेच गुन्हा आहे.

वापरलेले हत्यार विकत घेताना हीच तपासणी आधी केली तर पुढचा खर्च वाचतो. कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच हत्यारे ठेवता येतात, तेव्हा निवड चुकली तर महागात पडते. चौकट, नळी आणि सिलिंडर यांवरचे क्रमांक जुळतात का, हे आधी पाहायचे. क्रमांक खोडलेले हत्यार विकणे-घेणे कलम 8 ने निषिद्ध आहे. नवी कोरी काळी झिलई दिसली तर आनंदून न जाता कडा निरखायच्या. मूळ कडा धारदार आणि अक्षरे खोल असतात. गंजाचे खड्डे लपवण्यासाठी घासून पुन्हा झिलई दिली की कडा गोलसर होतात आणि अक्षरे पुसट. स्क्रूंच्या खाचा खरचटलेल्या असतील तर हत्यार अनेकदा, आणि चुकीच्या पेचकसाने, खोलले गेले आहे. नळीत उजेड पाडून पाहताना मध्येच गडद कड्यासारखी रेघ दिसली तर तिथे कधीतरी गोळी अडकून नळी फुगली आहे, आणि तिला इलाज नाही.

दुरुस्ती झाल्यावर चाचणी कारागिराच्या परवान्याखाली होते. पहिली फैर एकाच काडतुसाने, हत्यार हातात न धरता पकडीत बसवून. पुंगळी तपासायची: ती फुगली नाही, चिरली नाही, प्रायमरवरची खूण मधोमध आहे. मग दोन काडतुसांनी, म्हणजे चाप एकदा ओढल्यावर एकच सुटते याची खात्री होते. मग पूर्ण भरून. बदललेला भाग आणि तारीख दुकानाच्या नोंदवहीत आणि मालकाच्या कागदांत लिहिली जाते. चौकटीला चीर असेल, बिजागरी सैल झाली असेल किंवा नळी फुगली असेल तर प्रामाणिक कारागीर काम घेतच नाही. तेव्हा हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर जमा करून पोचपावती घ्यायची आणि परवान्यावरची त्याची नोंद कमी करून घ्यायची.